उष्टी हवा

जुलै लागला की आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंग आणि लिफ्ट हे दोन विषय मागे पडतात आणि तिसरा सुरू होतो: ‘तुमच्याकडे पण आहे का?’ काय आहे, ते कुणी विचारत नाही. घसा धरलाय, अंग मोडून आलंय, कणकण आहे, रात्री खोकल्याची ढास लागली की शेजारच्या फ्लॅटलाही झोप नाही. ‘व्हायरल आहे’ म्हटलं की डॉक्टर, पेशंट आणि केमिस्ट तिघांचंही समाधान होतं.

समोरच्या काकूंचं झालं नाही. त्यांनी मला जिन्यातच गाठलं. “अरे, तू शाळेत विज्ञान शिकवतोस ना? मग सांग. मी रोज लादी फिनेलने पुसते. भाजी मिठाच्या पाण्यात घालते. काका बाहेरून आले की आधी मोरीत हातपाय. तरी आधी काका, मग मी, मग नातू. आला कुठून हा?”

प्रश्न रास्त होता आणि उत्तर जिन्यात उभ्याने देण्यासारखं नव्हतं. काकूंनी घरातलं सगळं धुतलं-पुसलं होतं. राहिली होती ती फक्त हवा.

चिठ्ठी आहे, स्वयंपाकघर नाही

विषाणू म्हणजे व्हायरस. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. दोघांना आपण ‘जंतू’ म्हणतो, पण त्यांच्यात फरक मोठा आहे. दुधात विरजण घातलं की सकाळी दही लागतं, ते जिवाणूंचं काम. ते जिवंत असतात, खातात, एकाचे दोन होतात. विषाणूला यातलं काही जमत नाही. तो म्हणजे पाकिटात घातलेली पाककृतीची चिठ्ठी. टेबलावर ठेवलेली चिठ्ठी स्वयंपाक करत नाही. पण एखाद्या चालत्या स्वयंपाकघरात ती शिरली, की तिथले आचारी आपली कामं टाकून तीच पाककृती करत बसतात आणि त्यातून बाहेर पडतात त्याच चिठ्ठीच्या हजारो प्रती. आपल्या नाकातल्या, घशातल्या, फुप्फुसातल्या पेशी म्हणजे हे स्वयंपाकघर. ताप आणि अंगदुखी हा बराचसा आपल्याच शरीराने त्या घुसखोरीविरुद्ध घातलेला गोंधळ असतो.

अँटिबायोटिक का चालत नाही, तेही इथेच कळतं. ते औषध जिवाणूंवरचं. चिठ्ठीवर त्याचा काही उपयोग नाही.

श्वासातून पसरणाऱ्या या चिठ्ठ्या अनेक प्रकारच्या असतात: इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्लू, कोविडचा कोरोना, लहान बाळांना छळणारा आरएसव्ही, साध्या सर्दीचे ऱ्हायनो, आणि गोवर. जानेवारी २०२५मध्ये ‘चीनचा नवा विषाणू’ म्हणून ज्याच्या नावाने सगळ्या चॅनेलांवर सायरन वाजले तो एचएमपीव्ही नवा नव्हताच. नेदरलँड्समध्ये तो २००१ सालीच ओळखला गेला होता. सायरन वाजवायचाच, तर जो दरवर्षी नेमाने येतो त्या फ्लूसाठी वाजवावा, असं माझं मत आहे.

सुक्या बोंबलाचा धडा

काकूंचं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. चाळ पाडून टॉवर झाला, आणि आता त्या नवव्या मजल्यावर आहेत. चाळीतली एक गोष्ट त्यांना सांगून बघितली आणि निम्मा विषय तिथेच संपला.

पहिल्या मजल्यावर कुणी तव्यावर सुके बोंबील टाकले, की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला आज त्यांच्याकडे काय आहे ते कळायचं. त्याने बोंबलाला हात लावलेला नसायचा, तवा पाहिलेला नसायचा. वास हवेतून आला. तव्याशेजारी सगळ्यात उग्र, गॅलरीत जरा कमी, रस्त्यावर जवळपास नाहीच. खिडकी उघडली की पाच मिनिटांत गेला, दारं-खिडक्या लावून ठेवल्या तर रात्री गादीलाही तोच वास.

श्वासातले विषाणू असेच फिरतात. आपण बोलतो, हसतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो तेव्हा ओलसर कण बाहेर पडतात, वेगवेगळ्या आकारांचे. ते मोजायचे मायक्रॉनमध्ये: एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. शंभर मायक्रॉनच्या वरचे थेंब हात झटकल्यावर उडणाऱ्या पाण्यासारखे असतात. मीटर-दोन मीटरवर, काही सेकंदांत खाली. पण पाच मायक्रॉनचा कण स्थिर हवेत तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो. एक मायक्रॉनचा दहा तासांहून जास्त. आणि घरातली हवा स्थिर कधीच नसते. कुणी दार उघडतं, कुणी येरझारा घालतं, पंखा चालू असतो. हे बारीक कण उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. विषाणू स्वतः ०.१ मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे अशा कणातही त्याला ऐसपैस जागा.

मग कोविडमध्ये आम्हाला दोन मीटर अंतर आणि हात धुणं का शिकवलं?

कारण शिकवणाऱ्यांनीच ते तसं वाचलं होतं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. पाठ्यपुस्तकांत एक रेघ होती: पाच मायक्रॉनहून मोठं ते सगळं लगेच खाली पडतं. विल्यम वेल्स नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९३०च्या दशकातच ही सीमा शंभर मायक्रॉनच्या आसपास काढली होती. पाचचा आकडा क्षयरोगाच्या अभ्यासातला. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचायला कण किती बारीक लागतो, या निराळ्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. दोन्ही उत्तरं कुठेतरी एकमेकांत मिसळली आणि अर्धं शतक कुणी वही तपासली नाही. एप्रिल २०२४मध्ये संघटनेने परिभाषा बदलली, आणि अशा रोगांचा प्रसार हवेतून होतो हे कणांच्या आकाराची ती रेघ न ओढता मान्य केलं.

दरम्यान आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धुवून झालो होतो.

हात धुणं सोडा, असं मात्र नाही. सर्दीचे विषाणू आणि आरएसव्ही हातावरून नाका-डोळ्यांत जातातच. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंना तर वरून चरबीचं आवरण असतं. साबण ते वाटीला लागलेल्या तुपासारखं सोडवतो. हात धुवाच. पण बोंबलाचा वास लादी पुसून जात नाही.

उष्टं किती, ते मोजता येतं

कुणाच्या उष्ट्या ग्लासातलं पाणी आपण पीत नाही. वडापावचा घास दिला तर दुसऱ्या बाजूने तोडतो. हवेच्या बाबतीत मात्र उष्टंखरकटं पाळत नाही, कारण ते दिसत नाही.

मोजता मात्र येतं. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांमागे साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपण सोडलेल्या श्वासात तो चाळीस हजारांच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ शंभरपट. त्यामुळे खोलीतला हा वायू बाहेरच्यापेक्षा जेवढा जास्त, तेवढी तिथली हवा कुणाच्या तरी छातीतून जाऊन आलेली.

एक खोली घेऊ. दहा बाय दहा, नऊ फूट उंच. आत साधारण २५,००० लिटर हवा. चार माणसं झोपलेली. एकेकजण तासाला बारा ते पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, चौघांचा पन्नास-साठ लिटर. दारं-खिडक्या गच्च बंद असतील, तर एका तासात दहा लाखांमागे दोन हजार भागांची भर. चाळीस हजारांत दोन हजार, म्हणजे विसावा हिस्सा. तुम्ही घेतलेल्या दर वीस श्वासांमागे एका श्वासाएवढी हवा आधी कुणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेली. हे पहिल्याच तासात! खऱ्या घरात दाराखालून, फटींतून थोडी हवा येत-जात राहते म्हणून आकडा वाढतच जात नाही, पण रात्र सात-आठ तासांची असते.

चौघांपैकी कुणीच आजारी नसेल तर या उष्ट्या हवेने फार तर डोकं जड होईल. एकाला फ्लू असेल तर पहाटेपर्यंत बाकी तिघांची पंगत बसलेली असते.

म्हणून प्रश्न ‘मी त्याच्यापासून किती लांब होतो’ एवढाच नाही. ‘आम्ही किती वेळ, किती मोठ्या जागेत, कुठली हवा वाटून घेत होतो’ हाही आहे. जवळ बसलेल्याला जास्त धोका, कारण तिथे वास सगळ्यात उग्र. पण बंद खोलीत लांब बसलेलाही सुटत नाही.

आमच्याकडे एसी आहे, हवा सारखी बदलते

बदलत नाही. हा मुंबईतला सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा एका बाजूने ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेर लटकलेल्या डब्याशी त्याचं नातं गॅसच्या नळीपुरतं. त्या नळीतून हवा येत नाही. विंडो एसीला एक बारीक झडप असते, पण तिचा खटका कुठे आहे हे घरात कुणाला माहीत नसतं आणि उघडली तरी तिच्यातून येणारी हवा नाममात्र. म्हणजे उकाड्यावर उपाय म्हणून आपण खिडक्या लावतो, एसी सुरू करतो, आणि तेच उष्टं गार करून पुन्हा वाढतो.

जानेवारी २०२०मध्ये चीनमधल्या ग्वांगजो शहरात एका हॉटेलात तीन कुटुंबं शेजारच्या तीन टेबलांवर जेवायला बसली होती. एकमेकांशी ओळख नाही. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता, बाहेरची हवा आत येत नव्हती. एका माणसाकडून सुरुवात होऊन तिन्ही टेबलांवरचे मिळून दहाजण आजारी पडले.

आता आठवा: गाळ्यातला क्लास, चाळीस मुलं, काच लावलेली, एसी सोळावर. किंवा डॉक्टरांची वेटिंग रूम, बारा खोकणारी माणसं आणि ‘एसी चालू आहे, कृपया दार बंद ठेवा’ ही पाटी. ती पाटी बघितली की माझा हात शिवशिवतो.

मग लोकलमध्ये सगळेच कसे आजारी पडत नाहीत?

चांगला प्रश्न. विरारच्या गाडीत खांद्याला खांदा सोडा, श्वासाला श्वास लागलेला असतो. पण साध्या लोकलची दारं उघडी, खिडक्या उघड्या, आणि गाडी वेगात. डब्यातली हवा भराभर बदलते. शिवाय सकाळच्या गर्दीत बहुतेक मंडळी गप्प असतात, मान मोबाइलमध्ये. शांत श्वासातून कण कमी निघतात. शेजारचाच खोकत असेल तर धोका आहेच, पण डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या खोकल्याचा तितका नाही.

पाऊस आडवा आला की गणित बदलतं. शटर धडाधड खाली येतात, दारातली मंडळी आत सरकतात, आणि पाच मिनिटांत काचेवर वाफ धरते. ओल्या छत्र्यांची आणि डबाभर उच्छ्वासांची. त्या काचेवर बोटाने नाव लिहिणारं पोरगं काय कागद वापरतंय, ते त्याला ठाऊक नसतं. एसी लोकलची दारं तर स्टेशन येईपर्यंत मिटलेलीच. मुंबईत फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात येतो, आणि खिडक्या मिटण्याचा त्यात वाटा आहे.

एक अपवाद गप्प बसणाऱ्यांना: लोकलमध्ये गाणारं भजनी मंडळ. मला ही मंडळी मनापासून आवडतात, म्हणून जपून सांगतो. वरच्या पट्टीत गाताना बोलण्यापेक्षाही जास्त कण बाहेर पडतात. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट काउंटीत, एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. तेव्हा ज्याचा घसा बसलाय त्याने त्या दिवशी टाळ धरावेत, अभंग दुसऱ्याने उचलावा. आणि डब्याच्या खिडकीचं शटर, पाऊस थांबला की, वर.

पंखा आहे की, आणि खिडकी उघडली तर कबुतरं येतात

छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. पातेल्यात डाव फिरवला म्हणून आमटी ताजी होत नाही. त्याचा उपयोग खिडकी उघडी असेल तेव्हा. हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जायला हवी, म्हणजे दोन तोंडं हवीत: खिडकी आणि समोरचं दार, किंवा खिडकी आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट. एकच खिडकी असेल तर तिच्याकडे तोंड करून टेबलफॅन ठेवा, घरातली हवा बाहेर ढकलणारा. दाराखालून, फटींतून ताजी हवा आपोआप आत येते. बघणाऱ्याला वाटतं हा बाहेरच्या रस्त्याला वारा घालतोय. वाटू दे.

जागतिक आरोग्य संघटनेने दुकानं, कचेऱ्या, वर्ग यांच्यासाठी माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा सुचवली आहे. घरी हे मोजत बसायची गरज नाही. बाहेरून आत आल्यावर कोंदट वास आला तर कमी आहे.

खिडकी उघडायला लोक तयार नसतात, त्याची कारणं मुंबईत खरी आहेत. डास, म्हणजे डेंग्यू. कबुतरं. समोर चाललेल्या बांधकामाची धूळ. डासांना जाळी, कबुतरांना नेट. धुळीच्या दिवसांत, हिवाळ्यात सकाळी हवा खराब असेल तेव्हा, दिवसभर नाही तर रस्ता शांत असेल तेव्हा अर्धा तास. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर धूळ आणि विषाणूंचे कण दोन्ही पकडतो, परवडत असेल तर. आणि चाळीत हे प्रश्नच नव्हते असं नाही, पण तिथे गॅलरीकडचं दार दिवसभर उघडं असायचं आणि मागची खिडकी समोरासमोर. दारिद्र्याने दिलेली ती एक चैन होती. टॉवरमध्ये दार बंद, आणि खिडकी उघडते ती पाइपांच्या डक्टमध्ये.

मुंबईने हा धडा एकदा उलट्या वाटेने गिरवला आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग उघडकीला आला. दाट वस्तीतली कोंदट हवा हे त्याचं कारण, असं तेव्हाच्या सरकारला वाटलं. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि समुद्राचा वारा वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते वस्त्या फोडून काढले गेले. तो प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, वाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. औषध बरोबर, रोग चुकीचा. ज्या रोगाला ते लागू पडलं असतं तो वीस वर्षांनी आला. जून १९१८मध्ये गोदीच्या वाटेने फ्लू शहरात शिरला आणि मुंबईतून देशभर पसरला. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली. मुंबईत ज्यांना तेव्हाच्या नोंदींत ‘खालच्या जाती’ म्हटलं आहे, त्यांच्यात हजारी ६१.६ मृत्यू झाले. युरोपियनांत ८.३.

शंभर वर्षांनी, जुलै २०२०मध्ये, माटुंगा, चेंबूर आणि दहिसरच्या वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविड होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. यात सामायिक संडासांचाही वाटा आहे, फक्त हवेचा नाही. पण ताजी हवा या शहरात चौरस फुटाच्या भावाने मिळते, हे दोन्ही आकडे सांगतात. आणि तरी २०२० साली कित्येक सोसायट्यांनी गेटवर अडवलं ते घरकामाच्या बायकांना! विषाणू शहरात आला होता विमानाने.

एका खोलीत पेशंटला वेगळं कुठे ठेवायचं?

‘वेगळ्या खोलीत राहा’ हा सल्ला वन रूम किचनमध्ये चालत नाही, हे धारावीने प्रशासनाला शिकवलं. तिथे आजारी माणसांना घराबाहेर शाळांत आणि सभागृहांत हलवावं लागलं. साध्या फ्लूसाठी कुणी हलवणार नाही, तेव्हा आहे त्या खोलीतच पेशंटची जागा बदलायची. त्याला खिडकीजवळ झोपवा. पंखा असा ठेवा की वारा इतरांकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून बाहेर जाईल. आपण बरेचदा उलट करतो, ‘आजारी माणसाला वारा लागू नये’ म्हणून त्याला आतल्या भिंतीशी, आणि वारा त्याच्यावरून बाकीच्यांवर. रात्री पाय कुणीकडे, डोकं कुणीकडे, यानेही फरक पडतो. त्याने मास्क लावला तर खोलीत कण कमी पडतात, म्हणजे सगळ्यांचंच काम सोपं होतं.

विषाणू मास्कच्या छिद्रांपेक्षा लहान असतो ना?

असतो. पण मास्क चाळणी नाही. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग केला असेल, तसा एन९५ मास्कच्या धाग्यांवर विजेचा भार असतो. मोठे कण वळण न घेता आल्याने धाग्यावर आपटतात. अगदी बारीक कण दारू प्यायल्यासारखे वेडेवाकडे फिरतात आणि कुठेतरी अडकतात. सगळ्यात अवघड असतात मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. एन९५ची परीक्षा नेमकी त्याच कणांवर घेतात, आणि त्यातले किमान ९५ टक्के तो अडवतो.

‘मास्क लावला तरी फोडणीचा वास येतो’ हा काकूंचा आक्षेप. वास म्हणजे वायूचे रेणू, ते या कणांपेक्षा कितीतरी लहान. बोंबलाची उपमा इथे तुटते, हे मान्य. खरी गळती कापडातून नाही, नाकाच्या बाजूने आणि दाढीतून होते. चष्म्यावर वाफ येत असेल तर नाकावरची पट्टी दाबा. आणि एन९५ साबणाने धुवू नका, भार निघून जातो आणि उरतं नुसतं कापड. दिवसभर लावून फिरायची गरज नाही. दवाखाना, बंद शटरची गाडी, आजारी माणसाची खोली, एवढ्या ठिकाणी लावला तरी बरंच साधतं.

मला तर काहीच होत नव्हतं, मी कसा देईन?

काकांचा हाच दावा होता. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, आणि माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच तो इतरांना वाटायला लागतो. पुढे पाच-सात दिवस. गोवराचं याहून वाईट: अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून. म्हणजे काका रविवारी कॅरम खेळायला गेले तेव्हा ठणठणीत होते, आणि वाटतही होते.

काढा, वाफारा, कापूर

थोडक्यात उरकतो. काढ्याने घशाला बरं वाटतं, चवही चांगली असते; विषाणू मरत नाही. वाफेने नाक मोकळं होतं. विषाणू मरत नाही आणि उकळतं भांडं कलंडून पोरं भाजतात. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. उरलेलं अँटिबायोटिक मागच्या वेळच्या पाकिटातून काढून घेऊ नका. मार्च २०२३मध्ये एच३एन२ फ्लूच्या साथीत इंडियन मेडिकल असोसिएशनला डॉक्टरांनाच सांगावं लागलं होतं की गरज नसताना ती लिहून देऊ नका.

लस दरवर्षी का?

फ्लूचा विषाणू दरवर्षी अंगरखा बदलतो, मागच्या वर्षीची ओळख अर्धवटच कामाला येते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीत काय घालायचं ते ठरवते. लस घेतल्यावर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि मुंबईचा फ्लू पावसाळ्यात येतो, म्हणून एप्रिल-मे ही वेळ बरी. पासष्टीच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले, लहान मुलं, यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. ‘घेतली तरी मला झाला’ हे होतं. लशीचं मोठं काम तुम्हाला हॉस्पिटलपर्यंत न नेण्याचं आहे.

गोवराची लस मात्र सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नवव्या महिन्यात आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, आणि ती चुकवण्यासारखी नाही. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण १२ ते १८ जणांना देतो. मोसमी फ्लूचा एक रुग्ण सरासरी एक-दोघांना. म्हणून शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच गोवर अडतो. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडलं आणि २०२२मध्ये गोवंडीत गोवराने उचल खाल्ली. मुलं दगावली. नवं काहीच लागत नव्हतं तिथे, साठ वर्षं जुनी लस वेळेवर हवी होती.

डॉक्टरांकडे कधी?

दम लागतोय, छातीत दुखतंय, ओठ निळसर, बोटावरच्या मशीनमध्ये ऑक्सिजन ९४च्या खाली, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय, ताप तीन दिवसांनंतरही उतरत नाही किंवा उतरून पुन्हा चढला, बाळ दूध पीत नाही, श्वास घेताना छाती आत ओढतंय. यातलं काहीही असलं की ग्रुपवर विचारू नका, निघा. वयस्कर, गरोदर किंवा जुना आजार असलेल्यांनी फ्लूची शंका येताच पहिल्या दोन दिवसांत दाखवावं. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध लवकर सुरू केलं तरच नीट लागू पडतं.

काकूंकडे एवढं सगळं सांगून झाल्यावर त्या उठल्या आणि हॉलची खिडकी उघडली. मच्छरजाळीतून वारा येईना. जाळीची भोकं धुळीने बुजली होती, बोट फिरवलं तर बोट काळं. त्या दिवशी आम्ही दोघांनी जाळी काढून मोरीत घासली. बादलीतलं पाणी तिसऱ्यांदा बदलेपर्यंत काळंच येत होतं.

आता काका खिडकीखालच्या दिवाणावर झोपतात. पाऊस तिरका आला की गादीचा कोपरा भिजतो, आणि त्याबद्दल मला जिन्यात ऐकवलं जातं.